भरलेली सुरमई जाळीवर आणि सोबत वाईन: सांगली-साताऱ्याकडच्यांनी जरा सांगा

विश्रामबागवाला
८ नोव्हेंबर, रात्री ११:४२

मंडळी, आत्ताच गच्चीवरनं खाली आलोय, हाताला कोळशाचा वास आहे आणि डोकं फिरलंय, त्यामुळं शुद्धलेखन बघू नका.

झालं असं की पुण्याहून मेव्हणा आला होता, येताना रेड वाईनची बाटली घेऊन आला आणि म्हणाला दाजी आज जाळीवरचा मासा करू, नेहमीचं रवा लावून तव्यावर नको. मलाही चेव आला. सकाळी बाजारात जाऊन अडीच किलोची सुरमई धरली आणि मावशीला म्हटलं पोटाकडच्या तुकड्या दीड इंचाच्या काढा. मावशीनं कोयता तसाच धरला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "तुकडी पायजे का पाटा पायजे?" म्हटलं भरायच्यात. ती शेजारणीकडं बघून हसली ती मी गाडीला किक मारेपर्यंत हसतच होती.

पोटाकडच्या तुकडीला खाली दोन पाकळ्या असतात ना, घोड्याच्या नालासारख्या, त्या पोकळीत सारण भरलं. सारण म्हणजे कच्चा कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर, लसूण, पाच हिरव्या मिरच्या, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि बारीक चिरलेली कोळंबी, सगळं कच्चंच. वर एक अख्खं लिंबू. बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या पांढऱ्या दोऱ्यानं गच्च बांधलं. तो दोरा पॉलिस्टरचा होता हे मला कधी कळलं, तो वितळून माशाला चिकटल्यावर.

पुढचं काय सांगू. उलटायला गेलो तर अर्धा मासा जाळीवर आणि अर्धा उलथन्यावर. बाहेरनं काळा, फोडून बघितलं तर आत कोळंबी कच्ची. परत ठेवला तर मासा भुश्शासारखा कोरडा. आणि त्यावर ती रेड वाईन, काय सांगू तुम्हाला, पहिल्या घोटाला जुनं नाणं चघळल्यासारखं लागलं. मेव्हणा म्हणतो वाईन चांगलीय, तुझा मासा शिळा. मी म्हणतो मासा सकाळी डोळे वटारून बघत होता माझ्याकडं.

आई माळकरी असल्यानं हे सगळं गच्चीवरच करावं लागतं, भांडी वेगळी, शेगडी वेगळी, त्यामुळं परत परत प्रयोग करता येत नाहीत. पुढच्या पंधरा दिवसात एक संधी आहे. तर कुठं चुकलं आणि कोणती वाईन घ्यायची ते सांगा. चेष्टा करणारच आहात, पण उत्तर दिल्यावर करा.

सातारी_तडका
८ नोव्हेंबर, रात्री ११:५८

पॉलिस्टर 😂😂 दाजींनी माशाला ब्लाऊज शिवला.

उत्तर उद्या देतो, आत्ता हसू द्या.

माहेर_मालवण
९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

सुरमय भरतत कोण रे? भरूचे तर बांगडे भरा, पापलेटां भरा. सुरमईची तुकडी म्हणजे हळद-मीठ-तिखट-आगळ (कोकमाचा रस), रवा आणि तवा, विषय संपला.

आता राग गेला, नीट मराठीत लिहिते. लग्न होऊन कराडला येऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून घाटावरच्या लोकांना माशावर मसाला थापताना बघतेय. आमच्या सासरी पहिल्यांदा मासा केला तेव्हा नणंदेनं वरनं शेंगदाण्याचा कूट घातला होता. मी काही बोलले नाही, नवीन होते. तुमच्या सारणात कच्चा कांदा बघितला आणि तो दिवस आठवला.

पहिली गोष्ट, कच्चा कांदा पाणी सोडतो, ओलं खोबरं पाणी सोडतं, कोळंबी तर सोडतेच. आत एवढं पाणी असल्यावर मासा भाजत नाही, आतनं उकडतो. आणि तुम्हाला आतली कोळंबी शिजवायची होती म्हणून बाहेरचा मासा मेला. म्हणजे मेलेला होताच, परत मेला. सारण आधी परतून घ्यायचं, कोरडं करायचं आणि पूर्ण गार करून मगच भरायचं. गरम भरलंत तर मासा आतल्या बाजूनं अर्धवट शिजायला लागतो आणि बांधेपर्यंत फाटतो.

दुसरी, लिंबू. अख्खं लिंबू पिळून तासभर ठेवलंत असणार. आंबट जास्त वेळ राहिलं की मासा वरनं पांढरा आणि खडूसारखा होतो, विस्तवावर जायच्या आधीच. मीठ-हळद लावून वीस मिनिटं ठेवा, पाणी सुटेल ते फडक्यानं टिपून काढा. आंबटाला आगळाची दोन बोटं पुरतात.

आणि मासा ताजा होता का ते तुकडीत बघायचं असतं, डोळ्यात सगळेच बघतात. तुकडी कापल्यावर मांस मधल्या काट्याला घट्ट धरून पाहिजे, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या सुटायला लागल्या की समजायचं बर्फात बरेच दिवस काढलेत. काट्याजवळची गडद पट्टी लाल पाहिजे, विटकरी झाली असेल तर घेऊ नका. इकडं माल कुंभार्ली घाट चढून येतो, तुमच्याकडं आंबा घाटानं, म्हणजे दर्यातनं बाहेर पडून एक दिवस झालेला असतोच असं धरून चला.

विश्रामबागवाला
९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

ताई, तासभर नाही, अडीच तास. मेव्हणा उशिरा आला.

सातारी_तडका
९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

आता सिरियस. बघा, मी गेली सहा-सात वर्षं हुरड्याच्या सीझनला शेतावर आगटीवर काय काय भाजतोय, कोंबडी, कणसं, वांगी आणि मासा पण, त्यामुळं विस्तवाचं मला विचारा, वाईनचं नको.

तुम्ही कोळसा सगळीकडं सारखा पसरला असणार, पैजेवर सांगतो. जाड तुकडीला तसं चालत नाही. निखारे एका अंगाला ढीग करून घ्यायचे आणि दुसरं अंग मोकळं ठेवायचं. आधी ढिगावर दोन-तीन मिनिटं एक बाजू, दोन-तीन मिनिटं दुसरी, रंग आला की मोकळ्या अंगाला सरकवायचं आणि वर झाकण घालायचं. झाकण काय घालायचं असलं इंग्रजी शेगडीवाले विचारतात, आपण घमेलं उपडं घालतो. नवं घमेलं घ्या फक्त, सिमेंटचं नको, एकानं घातलेलं मी बघितलंय.

वेळेचा ठोकताळा म्हणजे जाडीच्या एका इंचाला सगळे मिळून दहा मिनिटं. पण जाडी भरल्यानंतरची मोजायची. तुमची दीड इंचाची तुकडी भरून फुगली की पावणेदोन होते, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं दोन्ही बाजू धरून. झालं का नाही बघायला बारीक सळई मधोमध खुपसायची, पाच आकडे मोजायचे, काढून खालच्या ओठाला लावायची. गार लागली तर कच्चं, कोमट लागली तर अजून थोडं, चटका बसला की उचला लगेच. आज्जी पुरणपोळीचं पुरण असंच बघायची, बोटानं.

जाळीला चिकटतंय त्याचं कारण साधं आहे, जाळी गार होती. गार लोखंडावर ओला मासा ठेवला की तो लोखंडाला धरून बसतो आणि तसाच भाजतो. जाळी आधी चांगली तापवा, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि जाळीवर फिरवा, चर्रर्र झालं पाहिजे. तेल माशालाही लावा. आणि ठेवल्यावर हात लावू नका!! लोक दर अर्ध्या मिनिटाला उलथनं घालून बघतात, मासा तयार झाला की स्वतःच जाळी सोडतो, सोडत नसेल तर त्याला अजून थांबायचंय.

दोन फाळ्यांची जाळी मिळते बघा, मध्ये धरून दांड्यानं उलटायची, मंगळवार तळ्याकडं मी एका भांड्याच्या दुकानातनं घेतलेली, ती असली की निम्मी डोकेदुखी गेली.

फक्त_वाचक
९ नोव्हेंबर, दुपारी १:४४

घमेलं 🙏

बेदाणा
९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

वाईनचा विषय आला म्हणून लिहितो. आमची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. पाहुणे आले की हमखास विचारतात, तुमच्याकडं एवढी द्राक्षं, मग वाईन घरीच करत असाल. त्यांना सांगून दमलो की खायची द्राक्षं वेगळी, वाईनची वेगळी. आमच्याकडं थॉम्सन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन असला माल, पातळ सालीचा, बिनबियांचा, मोठ्या मण्याचा, खायला नाहीतर बेदाण्याला. वाईनचा मणी बारीक असतो, साल जाड, आत बिया, आणि साखर जास्त चढल्यावरच तोडतात, कारण त्या साखरेचीच पुढं दारू होते. खायला घेतला तर तुम्ही थुंकाल.

आपल्या जिल्ह्यात वाईन होऊ शकली असती हो. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यात नाशिककडं विंचूरला एक वाईन पार्क आणि आपल्या पलूसला एक. आमच्या चुलत्यांनी त्या काळात दीड एकर शिराझ, म्हणजे वाईनची द्राक्षं, लावली होती, एका कंपनीशी करार करून. पहिली दोन वर्षं गाडी दारात यायची. मग २००८-०९ ची मंदी आली आणि कंपनीचा माणूस फोन उचलेना. माल वेलीवर वाळला, बेदाणा करावा तर त्यात बिया. शेवटी चुलत्यांनी बाग तोडून ऊस लावला. शिराझचं एक खोड अजून त्यांच्या गोठ्याला मेख म्हणून आहे, त्याला म्हैस बांधतात.

असो. मूळ मुद्दा माशाचा होता. एक सुचवतो, सारणात बेदाणा घाला. हसू नका. हिरवा लांब बेदाणा मूठभर, बारीक चिरून, लसणाबरोबर तेलात परतायचा. माशाला गोडसर अंग येतं आणि तिखट मवाळ होतं. आमच्या घरी भरल्या वांग्यात घालतात, तिथनं मला सुचलं.

चौथा_घोट
१० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

मी मूळचा वाईचा, आता नाशिकला नोकरी, त्यामुळे आपोआप थोडं वाईनचं कळायला लागलंय. आधीच सांगतो, माशाला पांढरी आणि मटणाला लाल एवढं पाठ करून काही होत नाही. तुकडी साधी मीठ लावून भाजली तर माशाला बघून वाईन घ्या. भरलेली असेल तर माशाला विसरा आणि सारणाला बघून घ्या. कारण तोंडात पहिलं सारण बोलतं.

विश्रामबागवाले, तुम्हाला नाणं चघळल्यासारखं लागलं ते अगदी बरोबर लागलं, तुमची जीभ चांगली आहे. मासा शिळा नव्हता. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी यावरच अभ्यास करून दाखवलं की वाईनमध्ये विरघळलेलं लोह असतं आणि ते माशाच्या तेलाशी गाठ पडली की तो धातूसारखा, हिवस वास तयार होतो. लाल वाईनमध्ये लोह बहुतेक वेळा जास्त असतं. सुरमई बऱ्यापैकी तेलकट, त्यातही तुम्ही घेतली पोटाकडची तुकडी, म्हणजे सगळ्यात चरबीचा भाग. मेव्हण्यांना हे वाचून दाखवा.

दुसरं, पाच मिरच्या आणि वर कांदा-लसूण मसाला. मिरचीनं तोंडातले जे चेतातंतू पेटतात त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं, म्हणून तिखटावर चौदा टक्क्यांची वाईन म्हणजे आगीत रॉकेल. त्यात लाल वाईनचा तुरटपणा, तोही तिखटासोबत जास्त बोचतो. तिखट सारणाला जरा गोडसर, गार आणि कमी अल्कोहोलची वाईन पाहिजे. चेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्या, आपल्याकडं नाशिकच्या सुला कंपनीची मिळते, तिच्यात थोडी गोडी असते. अकलूजची फ्रातेली पण आहे, ती तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलीच, फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ, इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे अशा तीन घरच्या भावांनी मिळून सुरू केली म्हणून.

सारण हिरवं असेल, म्हणजे कोथिंबीर-पुदिना-लसूण आणि तिखट बेताचं, तर सोव्हिन्यों ब्लाँ. तिला स्वतःलाच कापलेल्या गवताचा, ढोबळ्या मिरचीचा वास असतो, कोथिंबिरीशी तिचं जमतं. बेदाण्याचं सारण करणार असाल तर मात्र परत चेनिन, कारण सारण वाईनपेक्षा गोड झालं की वाईन आंबट आणि पोकळ लागते. आंबटाचंही तसंच, माशावर लिंबू जास्त झालं की वाईन पाण्यासारखी लागते. मालवणच्या ताई आगळाची दोन बोटं म्हणतायत ते वाईनच्या दृष्टीनंही बरोबर आहे.

माहेर_मालवण
१० नोव्हेंबर, सकाळी १०:५१

मी वाईनच्या दृष्टीनं नव्हतं सांगितलं हो. पण बरोबर आहे ना, झालं तर मग.

सातारी_तडका
१० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

सगळं ठीक आहे पण आपल्याकडं वाईन शॉपमध्ये वाईन सोडून सगळं मिळतं. आमच्या इथल्या दुकानात दोनच बाटल्या होत्या, काचेच्या शोकेसमध्ये, उन्हात, उभ्या, लेबल पिवळं पडलेलं. दुकानदाराला विचारलं कधीची आहे तर म्हणाला, "शोची आहे, पण पायजे तर देतो."

चौथा_घोट
१० नोव्हेंबर, दुपारी १२:०५

ती चुकूनही घेऊ नका. उन्हात वाईन शिजते, आणि बूच असलेली बाटली वर्षानुवर्षं उभी राहिली की बूच सुकतं, हवा आत जाते. फिरकीचं झाकण असलेली घ्या, पांढरी असेल तर गेल्या एक-दोन वर्षांतली. मागच्या लेबलवर तारीख असते, ती वाचा, दुकानदाराच्या तोंडाकडं बघू नका.

गार किती, तर आठ ते दहा अंश. फ्रीजमधनं काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली की साधारण तेवढी होते. गच्चीवर शेगडीशेजारी ठेवू नका म्हणजे झालं. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवली तर पंधरा-वीस मिनिटांत गार होते.

नदीकाठचा_नाम्या
१० नोव्हेंबर, रात्री ८:१२

लगा सुरमई सुरमई काय लावलंय, समुद्राचा मासा इथं यायला दिवस लागतो म्हणताय मग कृष्णेतला घ्या की. कटला घ्या पाच किलोचा, असली तुकडी निघती की ताटात मावत न्हाई. वाम घ्या. ताजं ते ताजं.

माहेर_मालवण
१० नोव्हेंबर, रात्री ८:४०

दादा, कटला कालवणाला चांगलाच आहे, पण त्याच्या मांसात वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात, मधला काटा काढला तरी ते राहतात. त्यात सारण भरलं तर खाणारा सारण खाईल का काटे वेचेल, त्यात हातात वाईनचा ग्लास. सुरमईला मधला काटा सोडला तर बाकी त्रास नाही, म्हणून तिचं भरायला चालतं. चालतं म्हटलं मी, आवडतं नाही म्हटलं. भरायचीच असेल तर घोळ किंवा मोठा रावस मिळाला तर बघा, मांस घट्ट असतं, तुटत नाही.

नदीकाठचा_नाम्या
१० नोव्हेंबर, रात्री ८:४४

वाम ऱ्हाऊ द्या म्हणजे. ती मी एकटा खातो.

पेवातली_हळद
११ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

एवढी चर्चा झाली आणि सांगलीत बसून कुणालाच हळदीचं पान आठवलं नाही?? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळे स्टेटस ठेवत होते.

आमचं हरिपूरला शेत आहे, राजापुरी हळद. माघात काढणी होईल तेव्हा पाला वाळलेला असतो, पण आत्ता नोव्हेंबरात पानं कमरेएवढी आणि हिरवीगार आहेत. एका कडेची चार-सहा पानं काढली तर कंदाला काही फरक पडत नाही. कोकणात यात पातोळ्या करतात, माहेर_मालवण ताईंना ठाऊक असेलच.

पान धुवायचं, मधली शीर जाड असते ती मागनं सुरीनं तासून पातळ करायची, मग विस्तवावर एकदा ओढून घ्यायचं म्हणजे पान मऊ पडतं आणि दुमडताना चिरत नाही. दोन पानं आडवी-उभी अधिकचिन्हासारखी ठेवायची, मधे तुकडी, चारी बाजूंनी घडी. बांधायला पॉलिस्टर नको 😀 फुलवाल्यांकडं केळीच्या सोपटाचे दोर असतात, हार बांधायचे, भिजवलेले, ते मागा, कुणी पैसेही घेत नाही. दोर नाही मिळाला तर सुती दोरा, पण तोही अर्धा तास पाण्यात टाकून.

याचा फायदा बघा, मासा जाळीला लागतच नाही त्यामुळं चिकटायचा प्रश्न मिटला, पाणी आत राहतं त्यामुळं कोरडा पडत नाही, आणि वास! पान करपायला लागलं की जो वास सुटतो ना तो पावडरीत नाही, फुलात नाही, कशातच नाही.

तोटा एकच, माशाला जाळीचा काळा डाग येत नाही. ज्यांना तो पाहिजे त्यांनी शेवटच्या दोन मिनिटांत पान उघडून थेट निखाऱ्यावर धरा.

फक्त_वाचक
११ नोव्हेंबर, सकाळी ७:२२

हरिपूरची पेवं आहेत का हो अजून?

पेवातली_हळद
११ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

२००५ च्या पुरात बरीच गेली. जमिनीखाली हळद ठेवायची ती, तोंड मातीनं बंद केलेलं, पण पाणीच डोक्यावरनं गेल्यावर काय करणार. आता गोदामं. आमचं आयडी तेवढं पेवातलं राहिलंय. पण हा विषय वेगळा धागा काढून.

सज्जनगड_पायरी
११ नोव्हेंबर, सकाळी ११:००

साताऱ्या-सांगलीच्या लोकांनी मद्याचे धागे काढावेत हे बघून वाईट वाटलं. सोलकढी प्या, उसाचा रस प्या.

सातारी_तडका
११ नोव्हेंबर, सकाळी ११:१२

काका, सोलकढी आहेच की, धागाकर्ता नंतर पितोय.

चौथा_घोट
११ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

काकांचं एक बरोबर आहे, सोलकढी आणि वाईन एकाच वेळी घेऊ नका, कोकमाच्या आंबटापुढं वाईनची चव उरत नाही. आधी एक, नंतर दुसरी. ज्यांना घ्यायची नाही त्यांना सोलकढीच बेस्ट, खोबऱ्याच्या दुधानं तिखट उतरतं, ते कामही ती वाईनपेक्षा चांगलं करते, हे मी नाशकात मोठ्यानं बोलत नाही.

विश्रामबागवाला
११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांना दंडवत. ठरलं. मार्गशीर्ष लागायच्या आत शनिवार बघतो. पेवातली_हळद, पानांसाठी मेसेज केलाय.

विश्रामबागवाला
१५ नोव्हेंबर, रात्री ११:५५

मंडळी. झालं.

सविस्तर लिहितो, झोप येणार नाहीच आहे. सकाळी त्याच मावशीकडं गेलो, लांबनंच म्हणाली, "या, पाटेवाले." यावेळी तुकडी मी कापल्यावर बघितली, काट्याला घट्ट होती. चार तुकड्या. घरी आणून मीठ-हळद, वीस मिनिटं, टिपून कोरड्या. सुरीच्या टोकानं मधला काटा दोन्हीकडनं सोडवून अलगद काढला, एका तुकडीचा फाटला, ती माझी म्हणून बाजूला ठेवली.

सारण दोन प्रकारचं केलं. एक बेदाण्याचं, लसूण तेलात लाल होईपर्यंत, मग चिरलेला हिरवा बेदाणा, कोळंबी, किसलेलं सुकं खोबरं, एकच मिरची आणि कांदा-लसूण मसाला अर्धा चमचा, कढई कोरडी होईपर्यंत परतलं. दुसरं कोथिंबीर, पुदिना, लसूण, भाजलेल्या तिळाचा कूट आणि आगळ. दोन्ही ताटात पसरून पंख्याखाली गार केलं. बायको म्हणाली एवढी काळजी तू माझ्या भरल्या वांग्याची घेतली असतीस तर. गप्प बसलो.

पानाची शीर तासायला वेळ लागतो, घाई केली की पानच कापलं जातं, दोन पानं वाया गेली. विस्तवावरनं ओढलं की पानाचा रंग एकदम गडद होतो आणि हातात कापडासारखं पडतं, ते बघायला मजा येते. सोपटाचे दोर फुलवाल्यानं दिले, वर विचारलं पूजा कसली आहे. काय सांगणार, सत्यनारायण म्हटलं.

निखारे एका अंगाला, घमेलं नवं. ढिगावर तीन-तीन मिनिटं, मग मोकळ्या अंगाला घमेल्याखाली अकरा मिनिटं. सळई ओठाला लावली, चटका. पान उघडलं तर आधी वाफ आली, मग तो वास आला आणि मेव्हणा जो मोबाईलमध्ये होता तो मोबाईल ठेवून उठला. बाहेरचं पान काळं कोळसा, आतलं पिवळसर, आणि तुकडी अशी की काट्यानं दाबली तर थर सुटतायत पण रस आत आहे. एकही तुकडी जाळीला लागली नाही. जी फाटकी होती ती पण नाही, पानानं सांभाळून घेतली तिला.

वाईन. सांगलीत दोन दुकानं फिरलो, तिसऱ्यात फिरकीच्या झाकणाची चेनिन ब्लाँ मिळाली, मागच्या वर्षीची, फ्रीजमधली. बेदाण्याच्या तुकडीबरोबर असं लागलं की दोघंही एकमेकाचं कौतुक करतायत. तिखटाचा चटका होता पण घोट घेतला की विझायचा. पुदिन्याच्या तुकडीला मात्र ती गोडसर लागली, चौथा_घोट म्हणाले तसं तिथं दुसरी पाहिजे होती. मेव्हण्यानं मागच्या रेडमधली उरलेली अर्धी बाटली हट्टानं काढली, तुकडीबरोबर एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि "जपानी बरोबर आहेत" एवढंच बोलला. त्याची माफी म्हणून मी ती धरली.

एक चूक परत झालीच. बादलीत मीठ जास्त पडलं आणि मी बाटली तशीच तासभर विसरलो, एवढी गार झाली की पहिल्या ग्लासाला वासच नव्हता. दहा मिनिटं थांबल्यावर वास उघडला.

आणि खरी गंमत पुढं. साडेनऊला आई जिन्याच्या निम्म्यात येऊन उभी. मी मासा करताना ती गच्चीच्या बाजूला फिरकत नाही कधी. म्हटलं आता काय ऐकायला मिळतंय. तर खालनंच विचारते, "हळदीचं पान भाजतोयस का रे?" हो म्हटलं. जरा थांबली. म्हणाली, "लहानपणी आमच्या मळ्यात रताळी भाजायचो त्या पानात. दोन पानं ठेव." आणि गेली खाली.

तर पेवातली_हळद, अजून सहा पानं मिळतील का? एकादशीसाठी पाहिजेत. नवी जाळी, नवी शेगडी आणि नवं घमेलं घेऊन आलोय, त्याला मासा लागता कामा नये.

पेवातली_हळद
१६ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

सहा कशाला, पेंडी घेऊन जा. आणि आईंना विचारा रताळी सालासकट गुंडाळायची का सोलून, आमच्यात आता कुणाला आठवत नाही.

विश्रामबागवाला
१६ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

सालासकट. आधी माती झटकून, धुवायची नाहीत म्हणाली.